हाताचं ज्ञान आणि त्याचा खर्च

लातूर म्हटलं की सगळ्यांना ‘लातूर पॅटर्न’ आठवतो. दहावी-बारावीचे गुण, वैद्यकीय प्रवेश. पण त्याच जिल्ह्यात डाळ मिलवाला आणि आपल्या रेणापूरचा वेल्डिंगवाला म्हणतो, ‘काम आहे, पण जाणता माणूस मिळंना.’ असं का होतं?

गिल्बर्ट राइल या तत्त्वज्ञाने १९४९ साली एक साधा भेद मांडला : एखादी गोष्ट माहीत असणं वेगळं, आणि ती करता येणं वेगळं. तुरीची डाळ घ्या. तुरीला रोलवर ओरखडे पाडतात, तेल-पाणी लावतात, वाळवतात, मग साल काढतात. ही माहिती आपण एका दमात सांगितली. पण तूर पुरती वाळली की नाही, हे मुठीत घेऊन ओळखायचं कसं? ओल राहिली तर साल सुटत नाही. रोल जास्त घासला तर डाळ मोडते, चुरी वाढते. हे हाताला कळायला हंगाम जावे लागतात, आणि तोवरचं नुकसान मालक सोसतो.

खरी अडचण इथं आहे. शिकवण्याचा खर्च एकाचा, फायदा मात्र कुणाचाही. पोरगं तयार झालं की पुण्याला जातं. जास्त पगार मिळत असेल तर का जाऊ नये? म्हणून आपण पोराला कृतघ्न म्हणू नये, आणि शिकवायला कचरणाऱ्या मालकाला कंजूषही म्हणू नये.

सरकारी व्यवस्था आहेच. शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ चा. २०१९ च्या नियमांनुसार ३० किंवा जास्त कामगार असतील तर शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक, ४ ते २९ असतील तर ऐच्छिक. म्हणजे मालक आणि एक गडी, एवढंच दुकान मोजणीबाहेर राहिलं. २०२३ च्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत, मूलभूत प्रशिक्षण पाच-सात दिवसांचं, रोज ५०० रुपये विद्यावेतन. चांगलंच आहे. पण शिकताना बिघडलेल्या मालाचा हिशेब कुठंच नाही.

मग आपण काय करू शकतो? एका धंद्यातल्या पाच-दहा जणांनी मिळून खर्च वाटून घ्यावा. पोरगं त्यांच्यापैकी कुणाकडंही कामाला लागलं, तरी कुणाचं बुडालं असं होणार नाही. आणि त्याच्या प्रमाणपत्रावर शिकवणाऱ्या मिस्त्रीचंही नाव असावं. जुने मिस्त्री थकत चाललेत. त्यांच्या हातातलं ज्ञान पुस्तकात उतरत नाही. ते दुसऱ्या हातातच उतरतं. तो दुसरा हात आज त्यांच्या शेजारी उभा राहिला पाहिजे.

आता प्रश्न घेऊ या.