घरच्या घरी होलोग्राम: लेसर सोपा, थरथर अवघड

देवळाली कॅम्पात घरी होलोग्राम करायचा, तर खरी अडचण लेसरची नाही, थरथरीची आहे. एकीकडे मुंबई-नाशिक रेल्वे, दुसरीकडे तोफखान्याचा सराव.

थरथरीने एवढं काय बिघडतं? फोटोत प्रकाशाची फक्त तीव्रता नोंदली जाते. होलोग्राममध्ये लेसरचा थेट प्रकाश आणि वस्तूवरून परतलेला प्रकाश मिसळून बनलेले सूक्ष्म पट्टे फिल्मवर उमटतात. वस्तूची खोली त्या पट्ट्यांतच साठते. लाल लेसरची तरंगलांबी साधारण ६५० नॅनोमीटर. एक्सपोजरच्या वेळी वस्तू तिच्या दहाव्या भागाहून, म्हणजे केसाच्या जाडीच्या साधारण हजाराव्या भागाहून, जास्त हलली की पट्टे पुसट व्हायला लागतात.

सगळ्यात सोपी पद्धत युरी डेनिस्युक यांची, १९६२ सालची. लेसर डायोडसमोरची लेन्स काढली की प्रकाश पसरतो. तो फिल्ममधून आरपार जातो, मागच्या नाण्यावर आदळून परततो. आरसे नाहीत, त्यामुळे हलणाऱ्या गोष्टीही कमी.

आता जुगाड: तळमजल्यावर, कमी हवा भरलेल्या स्कूटरच्या ट्यूबवर कडप्पा ठेवा. नाणं त्याला पक्कं चिकटवा. पंखा बंद. लेसर दहा मिनिटं आधी चालू करा, पण प्रकाश काळ्या पुठ्ठ्याने अडवा. मग अंधारात नाण्यावर फिल्म ठेवा. गाडी गेल्यावर दोन-तीन मिनिटं थांबा आणि मगच पुठ्ठा उचला. लेसरकडे थेट कधीच बघू नका.

डेव्हलप केलेल्या फिल्मवर मोबाईलचा टॉर्च तिरका धरा. नाणं दिसलं नाही, तर नवी फिल्म मागवण्याआधी रेल्वेचं वेळापत्रक बघा.