भगव्या घरातली पोरं

सत्तरच्या दशकात कोरेगाव पार्कात रजनीशांच्या आश्रमातले भगव्या कपड्यांतले गोरे दिसू लागले आणि पुणेकरांना आयता विषय मिळाला. जुन्या पुणेकराला आजही छेडलं तर त्या काळचे दोन किस्से हमखास निघतात, आणि त्यातला एक तरी चारचौघांत सांगण्याजोगा नसतो. पण हे सगळे फाटकाबाहेरून पाहणाऱ्यांचे विनोद. आत वाढलेल्या पोरांनी काय सांगितलं?

त्याचं एक फक्कड उत्तर जर्मन आहे. 'झोमर इन ओरांज', म्हणजे नारिंगी उन्हाळा, हा २०११ चा विनोदी चित्रपट. पटकथा उर्सुला ग्रूबर यांची. त्यांचं स्वतःचं लहानपण रजनीशांच्या अनुयायांच्या कम्यूनमध्ये गेलं, आणि तेच त्यांनी कथेत ओतलं. दिग्दर्शक मार्कुस रोझनम्युलर मात्र अस्सल बव्हेरियाचा. ही जोडी जमली तिथेच निम्मं काम झालं.

गोष्ट १९८० ची. बर्लिनमधल्या संन्यासी मंडळींपैकी एकाला बव्हेरियातल्या खेड्यात वारशाने घर मिळतं. झालं, सगळी वरात तिकडे निघते: ध्यान, थेरपी, गळ्यात गुरूंच्या फोटोचं लॉकेट असलेली १०८ मण्यांची माळ. गाव कट्टर कॅथलिक. तिथे लोक भेटल्यावर आपल्या 'राम राम'सारखं 'ग्र्यूस गॉट' म्हणतात, म्हणजे अभिवादनातही देव आहेच. बारा वर्षांची लिली आईचं बोट धरून इथे येते. शाळेत तिच्या कपड्यांवरून चिडवाचिडवी सुरू होते, आणि पोरगी दुहेरी संसार मांडते: घरात नारिंगी, गावात चारचौघींसारखी.

खरी गंमत पुढे आहे. गावालाही आपला गणवेश आहेच की! कातडी चड्ड्या, झालरीचे झगे, पितळी वाद्यांचा बँड. लिली एका गणवेशातून निघून दुसऱ्यात शिरते, आणि दोन्हीकडची मोठी माणसं स्वतःला मोकळी समजतात. चित्रपट संन्याशांना जितका चिमटा काढतो, तितकाच गावालाही. बाहेरच्या माणसाने हेच लिहिलं असतं तर रजनीशांच्या रोल्स रॉइस गाड्यांवर दहा विनोद करून तो मोकळा झाला असता. त्या होत्या ९३. आकडा सगळ्यांना पाठ असतो. लिलीचं दप्तर कुणाला आठवत नाही.

बाकीचा इतिहास उरकून घेऊ. पुण्याचा आश्रम १९७४ चा. १९८१ मध्ये रजनीश अमेरिकेत गेले, ओरेगॉनमध्ये नगर वसलं. १९८४ मध्ये काही शिष्यांनी हॉटेलांतल्या सॅलडमध्ये जंतू मिसळले आणि ७५१ माणसं आजारी पडली. १९८५ मध्ये गुरूंना अमेरिका सोडावी लागली, १९९० मध्ये पुण्यात त्यांचं निधन झालं.

पण या सगळ्या हसण्यात एक पेच आहे. रजनीशांच्या प्रवचनांत मुल्ला नसरुद्दीनचे किस्से पदोपदी येत आणि शिष्य खदखदून हसत. म्हणजे या पंथात विनोदाला बंदी नव्हतीच. फक्त तो व्यासपीठावरून खाली यायचा. लिलीच्या गोष्टीत तो खालून वर जातो.

इंग्रज लेखक टिम गेस्ट यांनी असंच कम्यूनमधलं बालपण 'माय लाइफ इन ऑरेंज' (२००४) या आठवणींत मांडलं. त्यांच्या आईने सगळे कपडे नारिंगी रंगवून टाकले होते. पुणे, सफकमधलं मदिना कम्यून, ओरेगॉन असा या मुलाचा प्रवास. वाचताना हसू येतं. मग लक्षात येतं की हे पोर पानापानांवर आईला शोधतंय. गेस्ट २००९ मध्ये, चौतिसाव्या वर्षी गेले.

आणि कम्यूनमध्येच वाढलेल्या मारुशा पेरिझोनियस यांना हसता आलं नाही. त्यांनी सहदिग्दर्शित केलेल्या 'चिल्ड्रन ऑफ द कल्ट' (२०२४) या माहितीपटात तिथल्या मुली, आता प्रौढ बायका, लहानपणी झालेल्या लैंगिक अत्याचारांबद्दल बोलतात. तो पाहून प्रस्तुत लेखकाने 'झोमर इन ओरांज' पुन्हा लावला. पहिल्या वेळी जिथे मोठ्यांदा हसू आलं होतं, तिथेच या वेळी बोट पॉझच्या बटणावर गेलं: मोठी माणसं आपल्याच नादात, आणि पोरं कुठे आहेत याची कुणालाच चौकशी नाही.