घरातील मांजरांना गजकर्ण : त्यागावे की सांभाळावे?

भुसार मालाच्या पेढीला मांजर परके नसते. पोत्यांच्या थप्पीमागे एखादी मांजर व्यालेली असतेच. दुकान मिटताना मुले पिल्लांसाठी वाटीभर दूध मागून नेतात आणि पावसाळ्याच्या पहिल्या सरीत ती पिल्ले दुकानातून माडीवर येतात. त्यांना हाकलून द्यावे असे कोणाच्या मनात येत नाही. बघता बघता एक वयस्क मांजर, तिची दोन पिल्ले आणि कोणीतरी हौसेने आणलेले लांब केसांचे पर्शियन मांजर असा परिवार घरात जमतो.

मग एके दिवशी धाकट्या पिल्लाच्या कानामागचे केस गेलेले दिसतात. त्वचेवर राखेसारखा कोंडा असतो. पंधरा दिवसांत नातवाच्या दंडावर नाण्याएवढा तांबडा, कडेने उठलेला गोल चट्टा उमटतो. डॉक्टर विचारतात, ‘‘घरात मांजर आहे का?’’ आणि या एका प्रश्नाने घरात दोन पक्ष पडतात. आजोबा म्हणतात, ‘‘मांजरे मार्केट यार्डात नेऊन सोडा.’’ आजी म्हणतात, ‘‘आश्रयाला आलेला जीव आजारी पडताच बाहेर काढायचा, तर रोजच्या सामायिकाचा उपयोग काय?’’ सुनेला दोघांचेही पटते. पण चट्टा तिच्या मुलाच्या दंडावर आहे. असा प्रसंग ज्या घरावर येतो, त्या घराला उपदेशापेक्षा नेमक्या माहितीची अधिक गरज असते.

रोगाचे स्वरूप

गजकर्ण किंवा नायटा हा कृमीमुळे होणारा रोग नव्हे. तो बुरशीचा संसर्ग आहे. केस, नखे आणि त्वचेचा वरचा थर ज्या केराटिन द्रव्याचा बनलेला असतो, त्यावर ही बुरशी जगते. मांजरांमध्ये बहुतेक वेळा आढळणारी जात मायक्रोस्पोरम कॅनिस ही होय. तिच्या नावाचा अर्थ ‘कुत्र्याची’ असा असला तरी तिचे मुख्य आश्रयस्थान मांजर हेच आहे. संसर्ग झाल्यापासून एक ते तीन आठवड्यांत खुणा दिसू लागतात. पिल्ले, अशक्त मांजरे आणि लांब केसांची मांजरे लवकर बाधित होतात. काही मांजरांच्या अंगावर कोणतीही खूण नसते, तरीही त्यांच्या केसांत बीजाणू असतात. म्हणूनच अनेक मांजरांच्या घरात ‘हे एकच आजारी आहे’ असे नुसत्या डोळ्यांनी ठरवता येत नाही.

धीर देणारी गोष्ट अशी की, हा रोग प्राणघातक नाही. धडधाकट मांजरात तो काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी आपोआपही ओसरतो. परंतु तेवढ्या काळात गळालेल्या केसांतून बीजाणू घरभर पसरतात आणि अनुकूल स्थितीत ते वर्षभराहूनही अधिक टिकू शकतात. उपचार करायचा तो मांजराला बरे करण्यासाठी आणि हा प्रसार थांबवण्यासाठीही.

सोडून दिल्याने काय होते?

मांजरे घराबाहेर गेली तरी गादीवरचे, पायपुसण्यावरचे आणि कपाटामागचे केस घरातच राहतात. म्हणजे रोगाचा एक स्रोत गेला, दुसरा तसाच राहिला. सोडलेली मांजरे ज्या गोदामात शिरतील तेथील मांजरांना तो रोग मिळेल. पांजरपोळात पाठवणे हा वरवर दयेचा मार्ग वाटतो. मुंबईतील भुलेश्वरचा पांजरपोळ १८३४ पासून चालत आला आहे, आणि अशा संस्थांना दान देणे हे आपल्या समाजाचे भूषण आहे. पण जेथे अनेक प्राणी दाटीने राहतात, तेथे गजकर्णाचे एक मांजर म्हणजे शेकडो जीवांना त्रास. पाठवायचेच असेल, तर रोगाची कल्पना आधी देऊन आणि विलगीकरणाची सोय असल्याची खात्री करूनच पाठवावे. शिवाय प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० नुसार, भूक-तहानेने प्राण्याचे हाल होतील अशा स्थितीत त्याला सोडून देणे हा गुन्हा आहे.

आधी निदान

चट्टा दिसला की मांजरावर ठपका ठेवण्याची घाई होते. गेल्या काही वर्षांत भारतात जो हट्टी नायटा पसरला आहे, तो बहुतांशी ट्रायकोफायटन वंशाच्या बुरशीचा आहे. त्यातील एका प्रकाराला २०२० मध्ये ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ असे नाव मिळाले. तो मुख्यतः माणसाकडून माणसाकडे, टॉवेल आणि कपड्यांतून पसरतो. त्याचा मांजराशी संबंध असेलच असे नाही. म्हणून मुलाची तपासणी त्वचारोगतज्ज्ञाकडे आणि मांजरांची पशुवैद्याकडे, अशा दोन्ही तपासण्या झाल्याशिवाय निकाल देऊ नये.

पशुवैद्य अतिनील किरणांचा वुड्स दिवा वापरतात. अंधाऱ्या खोलीत या दिव्याखाली मायक्रोस्पोरम कॅनिसने बाधित केस हिरव्या सफरचंदासारखे चमकतात. मात्र केस चमकले नाहीत म्हणजे रोग नाही असे नव्हे. उलट कोंडा किंवा मलमही कधी चमकते आणि फसवते. अधिक खात्रीची पद्धत साधी आहे. नवा दात घासण्याचा ब्रश मांजराच्या सर्वांगावरून फिरवतात आणि त्यात अडकलेले केस विशिष्ट माध्यमावर ठेवून बुरशी उगवते का ते पाहतात. निकालाला एक ते तीन आठवडे लागतात. प्रत्येक मांजरासाठी वेगळा ब्रश हवा आणि घरातील एकही मांजर वगळता कामा नये.

पडिलेहणाचा संस्कार असलेल्या घराला ही रीत नवी वाटू नये. वस्त्र उचलण्यापूर्वी ते नीट पाहायचे, दिसत नाही म्हणून जीव नाही असे मानायचे नाही, ही दृष्टी येथे तंतोतंत कामी येते.

उपचाराची दोन अंगे

पोटातील औषध आणि अंगावरचे औषध ही दोन्ही बरोबर चालावी लागतात. पोटातून बहुधा इट्राकोनॅझोल किंवा टर्बिनाफिन देतात. जुने ग्रिसिओफल्विन गाभण मांजरीला देत नाहीत, कारण त्यामुळे गर्भाला अपाय होतो. मात्रा वजनावर ठरते आणि यकृताचा विचार करावा लागतो. म्हणून माणसाच्या गोळीचा तुकडा मोडून देणे धोक्याचे आहे. कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज असते. ज्यांना ते नको असेल त्यांनी दुसऱ्या स्वरूपातील औषध मिळेल का, हे पशुवैद्यास मोकळेपणाने विचारावे. स्वतःच कॅप्सूल उघडून मात्रा पाडू नये.

केवळ चट्ट्यावर मलम लावून भागत नाही, कारण बीजाणू सर्वांगावरच्या केसांत असतात. आठवड्यातून दोनदा मायकोनॅझोल व क्लोरहेक्सिडिन असलेल्या शाम्पूने स्नान किंवा गंधक-चुन्याच्या द्रावणाने अंग भिजवणे, असे उपाय पशुवैद्य सांगतात. गंधकाच्या द्रावणाला कुजका वास येतो, कपड्यांवर डाग पडतात आणि चांदी काळी पडते. त्यामुळे चांदीची जोडवी, अंगठी आधी काढून ठेवावी. लांब केसांच्या मांजराचे केस कापावे लागले, तर ते कागदावर गोळा करून बंद पिशवीतून टाकावेत.

काही घरगुती उपाय मांजराच्या जिवावर बेततात. टी ट्री तेल मांजराला विषारी आहे. फिनेल आणि तत्सम जंतुनाशकेही तशीच. ओल्या फरशीवरून चाललेले मांजर पंजे चाटते आणि विष पोटात जाते. रॉकेल किंवा कोणतेही जहाल द्रव्य तर लावूच नये.

विलगीकरण हा बंध आहे का?

आजारी मांजर एका खोलीत ठेवावे लागते आणि येथे श्रद्धाळू मन अडखळते. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत बंध आणि अन्नपाननिरोध यांची गणना आहे. मग हे कोंडणे कोणत्या खात्यात मांडायचे? श्रावकाचारात सापेक्ष आणि निरपेक्ष बंधाचा भेद केला आहे. क्रोधाने, निष्काळजीपणे आवळून बांधणे वेगळे. जीवाच्या हिताकडे लक्ष ठेवून, गरजेपुरते आणि सुटकेची वाट ठेवून आवरणे वेगळे. म्हणून खोली उजेडाची असावी. गालिचे, गाद्या तेथून काढाव्यात. पाणी, अन्न आणि मातीचे पात्र रोज पाहावे. लहान पिल्लांना माणसांची सवय याच वयात लागते. त्यांना दिवसातून अनेकदा भेटून खेळवावे. निरोगी मांजरांचे काम आधी आणि आजारी मांजरांचे नंतर करावे. बाहेर पडताना वरचा कपडा बदलावा आणि हात धुवावेत. सर्वच मांजरे बाधित निघाली, तर त्यांना परस्परांपासून तोडण्याचे कारण उरत नाही. सर्वांचा उपचार एकत्र करावा.

स्वच्छता आणि सूक्ष्म जीवांचा प्रश्न

बीजाणू फरशीवर वाढत नाहीत. ते गळलेल्या केसांत पडून राहतात. म्हणून पहिले काम केस उचलण्याचे. कोरडा झाडू जोराने मारल्यास ते उडतात. ओलसर फडक्याने हळुवार टिपावेत. नंतर साबणाच्या पाण्याने फरशी धुवावी. शेवटी टिकाऊ पृष्ठभागावर एक भाग घरगुती ब्लीच आणि बत्तीस भाग पाणी असे द्रावण दहा मिनिटे ओले राहू द्यावे, मग स्वच्छ पाण्याने पुसून पूर्ण वाळल्यावरच मांजरांना येऊ द्यावे. ब्लीचमध्ये आम्ल किंवा दुसरे कोणतेही द्रव्य मिसळू नये, कारण त्यातून विषारी वायू निघू शकतो. मांजरांची अंथरुणे वेगळी, यंत्रात दाटी न करता आणि दोन वेळा धुवावीत.

बुरशी हीदेखील एकेंद्रिय जीवसृष्टीच. मग तिचा नाश कसा करावा, असा प्रश्न काही घरांत प्रामाणिकपणे विचारला जातो. गृहस्थाला संकल्पी हिंसा पूर्णपणे त्याज्य आहे. आरंभी हिंसा त्याला सर्वथा टाळता येत नाही, ती यतनेने कमी करायची असते. येथे यतनेचा व्यवहारी अर्थ सोपा आहे. घर रोज स्वच्छ राहिले, पहिला चट्टा दिसताच उपाय झाला, तर संसर्ग थोडक्यात आटोपतो. दुर्लक्ष केले, तर पुढे महिनोन्‌महिने औषधे, द्रावणे आणि मांजरांचे हाल वाढत जातात. प्रमादाने हिंसा वाढते, सावधपणाने ती घटते.

माणसांनी घ्यायची काळजी

लहान मुले, वृद्ध, मधुमेही आणि प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या व्यक्तींनी उपचार संपेपर्यंत आजारी मांजरांना हाताळू नये. मुलाच्या डोक्यात चट्टा असेल तर मलम पुरत नाही, पोटातून औषध लागते. दुकानातून मागून आणलेले स्टेरॉइडमिश्रित मलम खाज लगेच थांबवते; परंतु आतील बुरशी पसरत राहते आणि पुढचा इलाज अवघड होतो. ज्याला चट्टा आहे त्याने टॉवेल वेगळा ठेवावा; मंदिरातील सामायिक पूजावस्त्र किंवा उपाश्रयातील दुसऱ्याचे कटासन वापरू नये.

केव्हा संपले म्हणावे?

केस पुन्हा उगवले, चट्टा गेला, म्हणून औषध थांबवणे ही सर्वांत नेहमीची चूक आहे. त्वचा आधी बरी दिसते, बीजाणू नंतर जातात. उपचाराला बहुधा सहा ते दहा आठवडे, कधी अधिकही लागतात. ब्रशची तपासणी पुन्हा करून ती निर्दोष यावी लागते. अनेक मांजरांच्या घरात लागोपाठ दोन तपासण्या निर्दोष आल्यावर थांबणे सुरक्षित मानले जाते. त्यानंतर येणारे प्रत्येक नवे मांजर आधी वेगळे ठेवून तपासून घ्यावे.

व्यापारी घराला हे समजावून सांगावे लागू नये. वसुली बरीचशी झाली म्हणून कोणी खाते बंद करत नाही. शेवटची बाकी फिटल्यावरच रेघ ओढली जाते. नातवाचा दंड दोन-चार आठवड्यांत साफ होईल. मांजरांची खोली मात्र त्यानंतरही काही आठवडे रोज पुसावी लागेल. औषधाची वेळ कोणीतरी लक्षात ठेवावी लागेल आणि मार्केट यार्डाचा विषय काढणाऱ्या आजोबांनाच कदाचित पिल्लाला धरून बसावे लागेल. जीवदयेच्या पेटीत रक्कम टाकायला क्षण पुरतो. आश्रयाला आलेल्या आजारी जीवासाठी दहा आठवडे रोज अर्धा तास काढणे, हेही त्याच पेटीतील दान आहे.