ड्रोनला घराची उंची कशी कळते? आणि चुन्याची रेघ का महत्त्वाची?

एक डोळा झाकून सुईत दोरा ओवून बघा. नेम चुकतो. आपले दोन डोळे एकच वस्तू जरा वेगवेगळ्या बाजूंनी बघतात आणि त्या फरकावरून मेंदू अंतर ओळखतो. इंग्लंडच्या चार्ल्स व्हीटस्टोन यांनी १८३८ मध्ये याच तत्त्वावर दोन सपाट चित्रांतून खोली दाखवणारं यंत्र मांडलं.

२०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणावर फिरणारा ड्रोनही हेच करतो. पुढे सरकत तो एकमेकांवर येणारे फोटो काढतो. एकच घर अनेक फोटोंत, वेगवेगळ्या जागेवरून येतं. छप्पर कॅमेऱ्याच्या जवळ, म्हणून ते दोन फोटोंत जास्त सरकलेलं दिसतं, जमीन कमी. या फरकावरून कॉम्प्युटर उंची काढतो आणि नकाशा बनतो.

पण कॅमेऱ्याला वरून छप्पर दिसतं, हद्द नाही. पत्र्याखालची भिंत, झाडाखालचं अंगण त्याला कसं कळणार? म्हणून उड्डाणाआधी चुन्याने हद्द आखतात. त्या दिवशी घरी थांबा, शेजाऱ्यालाही बोलवा, हद्द समोर उभं राहून दाखवा. रेघ चुकली, तर मिळकत पत्रिकेवरचं क्षेत्रही चुकू शकतं.