कणगी आणि मांडव

नागपुरातल्या मनीषनगरच्या एका वाचक ताईंचा प्रश्न आहे. वडिलांची शुगर वाढली आणि डॉक्टरांनी भात कमी करायला सांगितला. मुलीने मोबाइलवर पाहून फुलकोबी किसली, परतली आणि ‘भात’ म्हणून आजोबांच्या ताटात वाढली. आजोबांनी वरण ओतलं, दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं. ताई विचारतात, ‘हा भात खरंच गुणाचा आहे, की नुसतं फॅड?’

उत्तर एका ओळीत देता येईल: गुणाचा आहे, पण तो भात नाही. या दोन गोष्टी वेगळ्या का, हे सांगताना मात्र वनस्पतिशास्त्राचा फार सुंदर भाग वाटेत लागतो. तो टाळून पुढे जाववत नाही.

आधी हिशेब करू. शिजलेल्या पांढऱ्या भाताच्या १०० ग्रॅममध्ये साधारण २८ ग्रॅम कर्बोदके आणि १३० कॅलरी असतात. तेवढ्याच फुलकोबीत कर्बोदके ५ ग्रॅमच्या आसपास, त्यातलेही २ ग्रॅम तंतू, आणि कॅलरी फक्त २५. फुलकोबीच्या वजनातलं ९२ टक्के पाणीच असतं. दोन्हींचा रंग पांढरा आणि फुलकोबी किसली की दिसायलाही दोन्ही सारखीच. मग एवढा फरक कुठून आला?

धानाचा दाणा म्हणजे रोपाने लेकरासाठी भरून ठेवलेली कणगी. अंकुर जमिनीबाहेर येऊन उन्हावर स्वतःचं अन्न करायला लागेपर्यंत त्याची शिदोरी तिच्यात असते. लोंबी निसवल्यावर रोप आपली कमाई साखरेच्या रूपाने दाण्यात उतरवतं, तिथे त्या साखरेच्या लांबच लांब साखळ्या करतं आणि दाबून रचून ठेवतं. तेच स्टार्च. आलू ही अशीच जमिनीखालची कणगी, रताळंही तसंच. माणसाने आपली बहुतेक मोठी अन्नपिकं या कणग्या हेरूनच निवडली.

फुलकोबीचा गड्डा मात्र लग्नाचा मांडव आहे. मांडवात कोणी साठवण करत नाही, तिथे खर्च चालतो. गड्ड्याच्या पांढऱ्या, रवाळ पृष्ठभागावर हजारो सूक्ष्म वाढबिंदू दाटीवाटीने बसलेले असतात आणि प्रत्येक जण पेशीमागून पेशी तयार करण्यात गुंतलेला असतो. पानांकडून आलेली साखर या धांदलीतच खर्ची पडते, कणगी भरायला फारसं काही उरत नाही. फुलकोबीत स्टार्च जवळजवळ नाही, याचं कारण एवढं साधं आहे.

आणि हे लग्न लागता लागत नाही! प्रत्येक वाढबिंदू फूल व्हायला निघतो, पण अर्ध्या वाटेवर अडतो. १९९५ साली मार्टिन यानोफ्स्की आणि सहकाऱ्यांनी मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस या इवल्या रोपातली दोन जनुकं बिघडलेली असली की त्यावरही फुलकोबीसारखे गड्डे धरतात, हे उलगडून दाखवलं. पुढचं कोडं २०२१ मध्ये फ्रान्समधल्या फ्रांस्वा पार्सी, क्रिस्तोफ गोदँ आणि त्यांच्या गटाने सोडवलं. अडलेला वाढबिंदू पुन्हा साधी फांदी व्हायला लागतो, पण आपण क्षणभर फूल होऊ पाहत होतो याची खूण त्याच्यात राहते. म्हणून त्या फांदीला पान फुटत नाही. तिच्या कुशीतून पुढची फांदी निघते, तीही फूल होऊ पाहते आणि तीही अडते. फांदीवर फांदी, तिच्यावर फांदी असा हा गड्डा तयार होतो. एक तुरा तोडा, तो अख्ख्या गड्ड्यासारखा दिसतो. त्यातला बारका तुरा तोडा, तोही तसाच.

गड्डा चिरण्याआधी एकदा उलट्यासुलट्या दिशेने फिरणारे त्याचे पेच मोजून पाहा. बहुतेक वेळा ५ आणि ८, किंवा ८ आणि १३ असे आकडे मिळतील. बाराव्या शतकात हेमचंद्राने लघु-गुरू अक्षरांच्या मांडणीचे प्रकार मोजताना हीच संख्यामाला मांडली होती. छंदशास्त्रातली ती माला आपल्या भाजीच्या टोपलीत येऊन बसली आहे, याचं मला प्रत्येक हिवाळ्यात नव्याने नवल वाटतं.

आता आजोबांनी सरकवलेल्या ताटाकडे येऊ. भात पाणी पितो आणि फुलकोबी पाणी सोडते. तांदूळ शिजताना स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात, मऊ होतात, एकमेकांना धरतात. वरण कालवल्यावर घास जमतो तो त्यामुळेच. फुलकोबी तापली की पेशींच्या भिंती सैल पडतात आणि आतलं पाणी बाहेर येतं. त्यावर पातळ वरण ओतलं की ताटात पाण्यात पाणी होतं. आजोबांची जीभ चुकली नव्हती.

म्हणून कृतीही उलटी हवी. गड्डा धुऊन पुसून अगदी कोरडा करायचा, जाड किसणीवर किसायचा, पसरट कढई चांगली तापवायची आणि झाकण न ठेवता पाच-सात मिनिटं परतायचं. मीठ शेवटी, कारण ते पाणी ओढून काढतं. जास्त वेळ शिजवाल तर गंधकयुक्त संयुगं मोकळी होऊन तो ओळखीचा उग्र वास सुटेल. फोडणीला मोहरी घाला, ती फुलकोबीची सख्खी चुलत बहीणच आहे, दोघी ब्रासिका या एकाच प्रजातीतल्या. वरून सांभार पेरा, लिंबू पिळा. आणि या पदार्थाला भात म्हणू नका. मराठीत त्याच्यासाठी नेमका शब्द आधीपासून आहे: कीस. आलूचा कीस आपण वर्षानुवर्षं खातो. हा फुलकोबीचा कीस. नाव बदललं की जिभेची अपेक्षाही बदलते.

पण शुगरचं काय? इथे आपल्या एका जुन्या सवयीकडे बघायला हवं. एका धान्याऐवजी दुसरं काही, ही कल्पना आपल्याला नवी नाही. उपवासाला भाताऐवजी भगर, पोळीऐवजी शिंगाड्याची किंवा राजगिऱ्याची पोळी, पोह्यांऐवजी साबुदाणा. हे सगळे बदल कणगीऐवजी दुसरी कणगी असेच होते. शुगर कळल्यावरही आपण तेच करतो: भात सोडतो आणि दोनाच्या चार पोळ्या खातो.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशन यांच्या ‘इंडियाब’ पाहणीतून १ लाख २१ हजारांहून अधिक प्रौढांच्या आहाराचं विश्लेषण २०२५ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये आलं. आपल्या रोजच्या ऊर्जेतला सरासरी ६२ टक्के वाटा कर्बोदकांतून येतो. तांदूळ-मैद्याच्या जागी नुसतं गव्हाचं किंवा भरड धान्याचं पीठ आणल्याने मधुमेहाची शक्यता घटलेली दिसली नाही. रोजच्या ऊर्जेतला ५ टक्के वाटा कर्बोदकांऐवजी डाळी किंवा दूध-दह्याच्या प्रथिनांतून आला, तिथे मात्र ती कमी दिसली. ही पाहणी आहे, प्रयोग नव्हे, तेव्हा तिच्यावरून कार्यकारण ठामपणे सांगता येत नाही. पण तिचा रोख स्पष्ट आहे: कणगी बदलून भागत नाही, ती थोडी रिकामी करावी लागते आणि रिकाम्या जागेत नीट काहीतरी ठेवावं लागतं.

फुलकोबीचा खरा गुण इथे कळतो. तिचं मोल तिच्यात जे नाही त्यात आहे. दोन वाट्या, म्हणजे सुमारे ३०० ग्रॅम भातात ८४ ग्रॅम कर्बोदके असतात. एक वाटी भात आणि एक वाटी कीस घेतला तर तोच आकडा ५० वर येतो, आणि ताट तेवढंच भरलेलं दिसतं. पण नुसत्या किसावर जेवण उरकलं तर रात्री अकराला पोट ओरडेल आणि हात फरसाणाच्या डब्याकडे जाईल. म्हणून सोबत घट्ट वरण हवं, वाटीभर दही हवं. आपल्या विदर्भाच्या तुरीच्या डाळीत १०० ग्रॅमला २२ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. तिच्यातही कर्बोदके आहेत, पण ती तंतू आणि प्रथिनांसोबत येतात आणि सावकाश पचतात.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर भात एकदम तोडू नका. औषधाची मात्रा जुन्या जेवणावर बेतलेली असते, साखर धोकादायक खाली जाऊ शकते. आधी डॉक्टरांशी बोला. दुसरं, फुलकोबीच्या नावाने विकलं जाणारं सगळं फुलकोबी नसतं. मंचुरियनचं आवरण मैदा आणि कॉर्नफ्लोअरचं असतं. फुलकोबीच्या तयार पिझ्झा-बेसमध्ये पुष्कळदा तांदळाचं पीठ किंवा आलूचं स्टार्च बांधणीला घातलेलं असतं. पुढच्या दाराने घालवलेली कणगी मागच्या दाराने घरात येते. पाकिटामागची घटकांची यादी वाचा.

आता ज्यासाठी मला हा प्रश्न इतका आवडला ती गोष्ट. या ताटात समोरासमोर बसलेली फुलकोबी आणि भात, दोन्ही शेतकऱ्यांच्या डोळ्यांची कमाई आहेत.

फुलकोबी मूळची भूमध्य समुद्राकाठची. भारतात ती १८२२ मध्ये लंडनच्या क्यू उद्यानातून आली. सहारनपूरच्या कंपनी बागेत बी आणवलं गेलं. युरोपातल्या या जातींना गड्डा धरायला १०-१६ अंशांचा गारवा लागे. पण उत्तरेतल्या शेतकऱ्यांनी उष्ण, दमट हवेतही जे झाड गड्डा धरेल त्याचंच बी राखायचं, असं पिढ्यान् पिढ्या केलं. त्यातून २०-२७ अंशांतही गड्डा धरणाऱ्या भारतीय जाती निपजल्या. त्यांची नावंही महिन्यांवरून पडली: कार्तिकी, अगहनी, पूसी, माघी. विष्णू स्वरूप आणि एस. एस. चटर्जी या पुसा संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये हा इतिहास नीट मांडला. ज्यांनी बी राखलं त्यांची नावं मात्र कुठेच नाहीत.

भाताच्या बाबतीत निदान एक नाव आपल्याला ठाऊक आहे, आणि ते प्रत्येक नागपूरकराच्या तोंडी असायला हवं. आपल्याकडे घरोघरी जो बारीक एचएमटी तांदूळ शिजतो तो चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी शोधला. शिक्षण तिसरीपर्यंत, शेती दीड एकर. १९८३ मध्ये ‘पटेल-३’ धानाच्या बांधीत त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या पेरल्या आणि वर्षानुवर्षं निवड चालू ठेवली. दाणा बारीक, उतारा चांगला. बाजारात नाव नसलेल्या या धानाला एका व्यापाऱ्याने तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळावरून एचएमटी म्हटलं, आणि शोधणाऱ्याचं नाव मागे पडलं. १९९८ मध्ये डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने ‘पीकेव्ही-एचएमटी’ हे वाण प्रसारित केलं. आपलं श्रेय त्यात राहून गेलं, ही दादाजींची खंत अखेरपर्यंत होती. २००५ मध्ये नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनने त्यांचा राष्ट्रीय पातळीवर गौरव केला. २०१८ मध्ये ते गेले. हजारो लोंब्यांतून तीन ओळखणारी ती नजर ही विज्ञानाची नजर होती, यात मला तिळमात्र शंका नाही.

म्हणून ताई, बाबांच्या ताटातून भात हद्दपार करू नका. दादाजींच्या तांदळाचा एक वाटी भात वाढा, त्यावर घट्ट वरण. शेजारी फुलकोबीचा कोरडा कीस, सांभार-लिंबू घातलेला, वेगळा वाढा आणि कीस म्हणूनच वाढा. हिवाळ्यात कॉटन मार्केटात गड्ड्यांचे ढीग असतात तोवर रोज करता येईल. उन्हाळ्यात फुलकोबी महागली आणि चवीला उतरली की दुधी किसा, पत्ताकोबी बारीक चिरा. पाहुणी भाजी कोणतीही चालेल, वाटी भाताची एकच ठेवा.