विनातारण कर्ज आणि त्याचे खरे माप

वजनमाप निरीक्षकाचा शिक्का असल्याखेरीज आम्हां व्यापाऱ्यांस तराजू वापरता येत नाही. आपले माप खरे आहे, असे आपणच म्हणून भागत नाही. त्रयस्थाने ते पडताळावे लागते. गरिबांस विनातारण लहान कर्जे देणाऱ्या सूक्ष्मवित्त संस्थांसही हाच न्याय लागू व्हावा, असे आम्हांस वाटते.

पुष्कळ काळ वसुली हेच त्यांच्या कार्याचे माप मानले गेले. हप्ता वेळेवर येतो, त्या अर्थी ऋणकोचे बरे चालले असले पाहिजे, असा तो हिशेब होता. २०१० साली आंध्र प्रदेशात तो फसला. एकेका कुटुंबावर अनेक संस्थांची कर्जे चढली होती. काही आत्महत्यांचा संबंध सक्तीच्या वसुलीशी जोडला गेला. ऑक्टोबरात राज्य सरकारने वटहुकूम काढला आणि वसुली कोसळली. तोवर खतावण्या चोख होत्या. ऋणकोच्या घरची स्थिती मात्र त्यांत नोंदलेली नव्हती.

ती स्थिती मोजता येते. अभिजित बॅनर्जी, एस्तेर डुफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबादेतील १०४ वस्त्या निवडल्या. त्यांपैकी दैवयोगाने निवडलेल्या ५२ वस्त्यांत कर्जसंस्थेच्या शाखा प्रथम उघडल्या. २०१५ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, धंद्यातील गुंतवणूक थोडी वाढली. परंतु घरखर्च, आरोग्य, मुलांचे शिक्षण यांत लक्षणीय फरक दिसला नाही. कर्ज निरुपयोगी नव्हे, पण ते दारिद्र्यावरील रामबाण औषधही नव्हे.

प्रमाणपत्रांचाही प्रयत्न झाला. २०१३ पासून ‘स्मार्ट कॅम्पेन’ या आंतरराष्ट्रीय मोहिमेने कर्जबाजारीपणास आळा, व्याजाची स्पष्टता, सभ्य वागणूक, तक्रारीची सोय अशा ७ तत्त्वांवर संस्था पारखल्या. २०२० साली ती मोहीम बंद झाली. हा दाखला संस्थेच्या वर्तणुकीचा होता. ऋणकोचे कल्याण झाले, याचा नव्हे. हा भेद विसरता कामा नये. भारतात रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनी सर्व कर्जांचे मिळून हप्ते कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक नसावेत, असे बंधन घातले, ते योग्यच झाले.

आपणांपैकी अनेकांच्या वह्यांत उधारीची खाती आहेत. गिऱ्हाईक पैसे फेडते, एवढ्यावर त्याचे बरे चालले आहे, असे आपण मानतो काय? शहाणा व्यापारी त्याच्या दुकानी जाऊन माल, राबता आणि चेहरा पाहून येतो. प्रमाणपत्र देणाऱ्यानेही आधी ऋणकोच्या उंबऱ्याशी जावे आणि मगच शिक्का मारावा, इतकीच आमची अपेक्षा आहे.