'कुणीतरी' म्हणजे कोण?

१९९४ साली आमच्या शाखेत पेन्शनच्या रांगेतले एक गृहस्थ कोसळले. कुणी कांदा हुंगवा म्हणाले, कुणी पाण्याचा ग्लास घेऊन धावले. मी शाखेचा अधिकारी. "अहो, कुणीतरी डॉक्टरांना फोन लावा," असे ओरडलो आणि आपले कर्तव्य झाले असे समजलो. डॉक्टर आले, पण उशिरा. फार उशिरा.

माझी भाची नर्सिंग कॉलेजात शिकवते. गेल्या महिन्यात तिचा वर्ग पाहायला गेलो. पलंगावर माणसाएवढी बाहुली. तिची छाती श्वासाबरोबर वरखाली होते, "दुखतंय" असे ती कण्हतेही. (आमच्या वेळच्या भातुकलीतली ठकी आठवून मला आधी हसूच आले.) पडद्याआड भाचीने संगणकाची कळ दाबली आणि बाहुलीची नाडी थांबली.

चार विद्यार्थिनी धावल्या. एक छाती दाबू लागली. मिनिटाला १०० ते १२० वेळा, किमान ५ सेंटिमीटर खोल, दर ३० दाबांनंतर २ श्वास. सारे अचूक. फक्त शॉकचे यंत्र आलेच नाही. "कुणीतरी आणा," असे एकीने म्हटले होते. बाकीच्या तिघींना वाटले, दुसरी गेली.

प्रसंग दहा मिनिटांचा, चर्चा तासभर. भाची रागावली नाही, उत्तरही देईना. "तेव्हा तुला काय दिसत होतं?" एवढेच विचारी. अखेर मुलींनीच शोधले: नाव घेऊन सांगायचे आणि ऐकणारीने ते मोठ्याने परत म्हणायचे. आधी अडचण, मग पुस्तक, ही रीत कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने १९६९ पासून वैद्यकीय शिक्षणात रुजवली. श्वास देण्याच्या सरावाची बाहुली त्याआधीची, १९६० ची. नॉर्वेतल्या आस्मुंड लेर्डाल या खेळणी बनवणाऱ्याची. खेळण्यातल्या बाहुलीवर चूक झाली तर कुणी दगावत नाही, हा तिचा मोठा गुण.

मी मात्र मागेच अडकलो होतो. बँकेत एकाने लिहिलेले व्हाउचर दुसऱ्याच्या सहीशिवाय पुढे सरकत नसे. शंभर रुपयांसाठी एवढी खबरदारी! आणि त्या दिवशी फोन? शिपायाला वाटले कॅशियरने केला, कॅशियरला वाटले मी. दहा मिनिटे कुणीच केला नव्हता. हे मी आजवर घरीही बोललो नव्हतो.

मुली गेल्यावर भाचीला म्हटले, "मला शिकव." गुडघे टेकले, बाहुलीच्या छातीवर तळवे रोवले. दोन मिनिटांत धाप लागली.

"मामा, कोपर वाकतंय तुझं," ती म्हणाली. "पुन्हा कर."